घरपट्टी जास्त लागलीय? हरकत घ्यावी की अपिलात जावं

मावशीच्या फ्लॅटची घरपट्टी वाढून आली तेव्हा घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, वकील गाठा. मी आधी आकारणीचा उतारा काढायला लावला. शेजारचा फ्लॅट त्याच मजल्यावर, त्याच आकाराचा, पण मावशीच्या नावावर क्षेत्रफळ जास्त. स्वयंपाकघरामागची उघडी गच्ची खोली म्हणून मोजलेली होती. आम्ही दोघींनी टेप धरून एकेक खोली मोजली, आकडे कागदावर उतरवले, मंजूर नकाशाची प्रत जोडली आणि अर्ज दिला. सुनावणीत दहा मिनिटांत ते मान्य झालं.

म्हणून ठरवण्याआधी एवढं पाहा: चूक नोंदीत आहे की दरात?

नोंदीतली चूक असेल तर हरकतच घ्या. क्षेत्रफळ चटई (भिंतींच्या आतलं) धरलंय की बांधीव (भिंतींसकट), इमारतीचं वय, बांधकामाचा प्रकार, वापर, हे सगळं कागदाने सिद्ध होतं. मुंबईत 2010 पासून घरपट्टी भांडवली मूल्यावर आहे, म्हणजे रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला जागेचा) दर आणि त्याला हे गुणांक. तिथे 500 चौरस फुटांपर्यंतच्या चटई क्षेत्राच्या घरांना 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. ज्यांचं घर या रेषेच्या आसपास आहे त्यांनी मोजणी डोळ्यांत तेल घालून तपासावी. तिथे पाच फुटांची चूकही सगळी माफी घालवते.

पुण्यात हिशेब वेगळा. वर्षाला किती भाडं येऊ शकेल त्यावरून करयोग्य मूल्य ठरतं, दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा होतात. स्वतः राहणाऱ्याला 40 टक्के सवलत आहे. सवलत बिलात दिसत नसेल तर मूल्यांकनावर भांडू नका. पीटी-3 अर्ज राहत असल्याच्या पुराव्यासह भरायचा असतो, तो प्रश्न तिथेच सुटतो. बिल फुगलेलं पाहून लोक दराला दोष देतात आणि खरी गळती या एका अर्जाची असते.

दराबद्दलच तक्रार असेल, म्हणजे तुमच्या पट्ट्याला धरलेला दरच चुकीचा वाटत असेल, तर हरकतीच्या सुनावणीत सहसा फारसं हाती लागत नाही. अधिकारी ठरलेल्या दरांच्या तक्त्याबाहेर जात नाही. तिथे अपील हा रस्ता. पण त्याची किंमत आधी समजून घ्या. मुंबई सोडून बाकी महापालिकांत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 खाली न्यायाधीशापुढे जाता येतं, त्यासाठी आधी आयुक्तांकडे तक्रार, म्हणजे हीच हरकत, केलेली आणि तिचा निकाल लागलेला हवा, निकालापासून 15 दिवसांत दाखल व्हायला हवं आणि मागितलेली रक्कम भरलेली हवी. हरकतच घेतली नाही तर मूल्यांकनाविरुद्ध अपिलाचं दारही उघडत नाही. त्यामुळे अपील करायचंच म्हणणाऱ्यालाही हरकतीची पायरी चुकवता येत नाही.

नियमांनाच आव्हान देणं हे एकट्या घरमालकाचं काम नाही. मुंबईच्या 2010 च्या भांडवली मूल्य नियमांतले काही नियम उच्च न्यायालयाने 2019 मध्ये रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये ते कायम केलं. जमीन आणि इमारत आज जशी आहे तशीच मोजा, पुढे तिथे किती बांधता येईल हे धरू नका, असं न्यायालयाने बजावलं. मालकांच्या संघटनेने चिकाटीने लढवलेली ही लढाई होती, शेवटचा निकाल यायला कित्येक वर्षं लागली. सोसायटी मिळून जात असेल तर माझा पाठिंबा, एका फ्लॅटसाठी नाही.

दोन्ही रस्त्यांवर एक चूक महागात पडते. वाद चालू आहे म्हणून बिल थांबवू नका. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती चढते, वर्षाला 24 होतात. पैसे भरा, भरताना हरकत कायम असल्याचं लेखी द्या आणि त्या पत्राच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. नोटिशीवरची हरकतीची शेवटची तारीख मात्र आजच कॅलेंडरवर गोल करा. मावशीच्या नोटिशीतले चार दिवस कपाटात गेले होते, आणि मोजणीला एकच रविवार उरला होता.