पोल्ट्री शेडचा विंचवाला पडदा, कोकणातल्या पावसात वापरून कसा वाटला

आमची संगमेश्वर तालुक्यात छोटी पोल्ट्री आहे, अडीचशेच्या आसपास पक्षी, बहुतेक आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड ही अंड्यांची जात) आणि थोड्या गावरान, सगळ्या तुसाच्या गादीवर, म्हणजे जमिनीवर भाताच्या तुसाचा थर पसरून. शेड २० बाय ३० फुटाची, खाली दीड फूट चिऱ्याची भिंत, त्याच्यावर जाळी, वर पत्रा, आणि पुढच्या बाजूला जाळीचं आवार ज्यात दिवसा कोंबड्या फिरतात, त्याच्यावरही अर्ध्यापर्यंत पत्रा घातलाय. या शेडला मी विणलेला एचडीपीई (जाड प्लॅस्टिकचा) पडदा बसवून घेतला, दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन, २०० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं कापड), सोबत हाताने फिरवायचं विंच म्हणजे दोरी गुंडाळायचं चाक, कप्प्या आणि दोरी असा पूर्ण सेट. बरेच जण विचारत होते घ्यावा का म्हणून, त्यामुळे सगळं सविस्तर लिहितेय.

घाटावरच्या पोल्ट्रीवाल्यांना पडदा मुख्यतः थंडीसाठी आणि उन्हासाठी लागतो. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तो पण बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच, आणि सरळ वरून पडला तर पत्रा पुरेसा आहे हो, पण तो पडतो तिरका. वारा नैऋत्येचा, त्यामुळे शेडची दक्षिणेची लांब बाजू आणि पश्चिमेची आखूड बाजू झडीने सतत भिजते. शेड पूर्व-पश्चिम लांब बांधा असं सगळीकडे सांगतात, ऊन आत येऊ नये म्हणून ते बरोबरच आहे, पण कोकणात त्याचा अर्थ पश्चिमेची बाजू पावसाच्या तोंडावर येते हे कुणी सांगत नाही. वळचण ३-४ फूट बाहेर काढली तरी जुलैतली झड जाळीतून आत येतेच, आणि भिंतीलगतची गादी एकदा ओली झाली की तिथून ओल आत सरकत जाते.

आता पडद्याबद्दल. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कापडाची जाडी नाहीये, पडदा उघडतो कुठून ही आहे. दुकानात सगळे जीएसएम विचारतात, १२० घेऊ का १५० का २००, पण पडदा वरून बांधलेला असेल आणि खालून गुंडाळून वर घ्यायचा असेल तर २५० जीएसएमचाही काही उपयोग नाही, कारण थोडं उघडलं की सगळ्यात आधी खालची बाजू उघडी पडते, म्हणजे नेमकी गादीच्या बाजूची, आणि वारा-पाऊस थेट कोंबडीच्या अंगावर. आमचा जो सेट आहे तो उलटा आहे, खालची कड भिंतीला बाहेरून पट्टीने पक्की केलेली आणि वरची कड पाइपवर, ती विंचने वर-खाली होते. त्यामुळे कितीही पाऊस असला तरी वरची एक फूट फट उघडी ठेवता येते, आतली गरम दमट हवा तिथून निघून जाते, आणि पाऊस मात्र खालीच अडतो. ही एक गोष्ट बघून मी हा सेट निवडला आणि पैसे वसूल झाले ते यामुळेच.

फट ठेवायला का सांगतेय तर गादी ओली होण्याचं अर्धं कारण बाहेरचा पाऊस नसतोच. शंभर मोठ्या कोंबड्या दिवसाला २० ते २५ लिटर पाणी पितात, त्यांच्या विष्ठेत तीन चतुर्थांश पाणीच असतं, शिवाय श्वासातून बाहेर पडते ती वाफ वेगळी. म्हणजे आमच्यासारख्या शेडमध्ये रोज पन्नासेक लिटर पाणी आत जातं आणि ते कुठून तरी बाहेर जायला पाहिजे. पावसाच्या भीतीने चारी बाजूंनी ताडपत्री गच्च आवळून ठेवली की दोन दिवसांत सकाळी दार उघडल्यावर डोळे चुरचुरतात, तो अमोनिया असतो, माणसाच्या डोळ्यांना झोंबायला लागला म्हणजे कोंबडीला त्याचा त्रास आधीच सुरू झालेला असतो. डोळ्यातून पाणी, शिंका, अंड्यात घट, आणि ओल्या उबदार गादीत कॉक्सी (कॉक्सिडिओसिस, आतड्याचा रोग) वाढते ते वेगळंच. पिल्लांची एक लॉट कॉक्सीत सापडली तर जे नुकसान होतं त्यापुढे पडद्याची किंमत काहीच नाही.

गादी बरोबर आहे का हे बघायला यंत्र लागत नाही. मूठभर तूस घट्ट दाबायचा आणि हात उघडायचा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त झालीय, अजिबात न चिकटता धुळीसारखा उडाला तर फार कोरडा, आणि जरासा चिकटून लगेच सुटला तर उत्तम. पडदा बसवल्यापासून मी भिंतीलगतचा आणि मधला असा दोन्हीकडचा तूस बघते, आणि भर आषाढात सुद्धा भिंतीलगतचा तूस सुटा राहिला. आधी साधी ताडपत्री असताना त्याच जागी ढेपा व्हायच्या, फावड्याने खरवडून काढाव्या लागायच्या. पाणी पिण्याच्या भांड्यांखाली मात्र ओल राहतेच, त्याला पडदा काय करणार, तिथे भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगायची, रोज गादी उलटी-पालटी करायची आणि अधूनमधून विझवलेला चुना मारायचा. कळीचा चुना अजिबात नको, पाय भाजतात.

दुसरी बाजू म्हणजे गादी आतच राहणं. लोक पावसाला अडवायचा विचार करतात पण कोंबडी दिवसभर उकरत असते आणि तूस जाळीतून, दारातून बाहेर ढकलत राहते. शेडमध्ये दीड फुटाची भिंत आहे म्हणून प्रश्न नाही, पण पुढच्या आवारात पत्र्याखालच्या भागात पण आम्ही गादी घालतो आणि तिथे खालपासून जाळीच आहे. बाहेर गेलेला तूस पागोळ्यांखाली भिजतो, कुजतो, माश्या होतात, आणि आतली जमीन उघडी पडून चिखल. यासाठी पोफळ चिरून केलेल्या पट्ट्या जाळीच्या आतून खालच्या बाजूला सगळीकडे ठोकल्या, साधारण एक फूट उंच, दाराला पण उंबरठ्यासारखी काढता-घालता येईल अशी फळी. पोफळ कारण वाडीत होती आणि पाण्याने लवकर कुजत नाही, तुमच्याकडे नसेल तर सिमेंट शीटचे कापलेले तुकडे पण चालतील. पडद्याच्या सेटमध्ये हे मिळत नाही आणि बसवणारे त्याबद्दल बोलतही नाहीत, पण माझ्या मते पडद्याइतकंच हे गरजेचं आहे, फळी नसलेल्या आवाराला कितीही भारी पडदा लावा, महिन्याभरात गादी अर्धी बाहेर.

पडद्याची खालची कड या भिंतीच्या किंवा फळीच्या बाहेरून किमान नऊ इंच ते एक फूट खाली यायला पाहिजे हे नक्की बघा. पडद्यावरून ओघळणारं पाणी भिंतीच्या बाहेर उतरलं पाहिजे. कड भिंतीच्या माथ्यावरच संपवली तर तेच पाणी माथ्यावरून आत गादीत येतं. आमच्याकडे फिटर आला तेव्हा तो माथ्यावरच पट्टी मारत होता, मी म्हटलं, "दादा, फूटभर खाली घ्या, इथे पाऊस आडवा येतो," तर म्हणाला, "ताई, मग कापड कमी पडेल." म्हणून ऑर्डर देतानाच उघड्या जाळीच्या उंचीपेक्षा दीड-दोन फूट जास्त रुंदीचा पडदा मागवायचा, मग भांडण नाही.

रंगाचं पण सांगते. निळा-काळा स्वस्त मिळतो आणि मळकट दिसत नाही म्हणून बरेच जण तोच घेतात. आमचा पांढरट पिवळा आहे, उजेड आत येतो. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो, पावसाळ्यात आधीच आभाळ भरलेलं, त्यात काळा पडदा वर चढवला की दुपारी पण शेडमध्ये अंधार, मग दिवसाही बल्ब लावा आणि लाइट गेली की तेही नाही. पांढरा घ्या, मळला तर मळू दे.

आता न आवडलेल्या गोष्टी. सोबत आलेली नायलॉनची दोरी भिजली की ताणते, मग पडद्याचं एक टोक खाली आणि एक वर, पाइप तिरका होतो आणि मधे फट पडते. ती काढून आम्ही प्लॅस्टिकचं आवरण असलेली तारेची दोरी टाकली, तेव्हापासून विंच सारखं फिरतं. विंच चांगलं आहे, दातऱ्याला खटका आहे त्यामुळे हात सोडला तरी पडदा धाडकन खाली येत नाही, माझ्या सासूबाई पण एका हाताने चढवतात. पण ग्रीस वेळच्या वेळी द्यावं लागतं, इथल्या हवेत लोखंड फार लवकर गंजतं. पडद्याच्या कडेला दोरी आत घेऊन शिवलंय ते छान आहे, पण कोपऱ्यातले आयलेट (दोरी ओवायच्या भोकाच्या कड्या) कमजोर निघाले, वाऱ्यात एक फाटून आला, दुकानदाराला फोन केला तर फाटणं वॉरंटीत येत नाही म्हणाला. आता सगळ्या कोपऱ्यांना आतून-बाहेरून जुन्या ट्यूबचे तुकडे लावून नट-बोल्ट मारलेत.

आणि वाऱ्यात पडदा फुगतो. हे कुठल्याही कंपनीच्या पडद्याला होणारच, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याने गेलं तेव्हा ज्यांचे पडदे नुसते वर-खाली बांधलेले होते त्यांचे काय झाले असतील विचार करा. उपाय सोपा आहे, पडद्याच्या बाहेरून वरच्या वाशापासून खालच्या पट्टीपर्यंत नागमोडी दोरी ताणून बांधायची, पडदा त्या दोरीच्या आणि जाळीच्या मधेच वर-खाली होतो, फडफडत नाही आणि कापड घासून फाटत नाही. दोन पडदे जिथे कोपऱ्यात भेटतात तिथेही एक हातभर रुंद उभी पट्टी वेगळी लावायला लागते, नाहीतर नैऋत्येच्या कोपऱ्यातून झड आत येते. सेटमध्ये ही पट्टी देत नाहीत, द्यायला पाहिजे.

दुसरे पर्याय पण बघितले आहेत. हिरवी शेडनेट ९० टक्के सावलीची घेतली तरी पाणी अडवत नाही, बारीक तुषार करून आत सोडते, उन्हाळ्यात ठीक. साधी पातळ निळी ताडपत्री एका पावसाळ्यात चिरते. झावळ्यांचे झाप आजही आमच्या शेजारच्या काकांच्या शेडला आहेत आणि खरं सांगायचं तर झड अडवायला आणि हवा खेळती ठेवायला झापासारखं काही नाही, फक्त दरवर्षी विणायला माणूस पाहिजे आणि आता तो मिळत नाही, शिवाय झापात उंदीर घर करतात. दहा-बारा कोंबड्यांचं खुराडं असेल तर मी म्हणेन झापच बांधा किंवा जाड ताडपत्री खालून ठोकून वर दोन हूकना अडकवा, विंचचा खर्च कशाला.

गादीच्या मालाबद्दल थोडं, कारण पडदा चांगला आणि तूस खराब असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. गावातल्या जुन्या हलर गिरणीतून येणारा तूस भरडलेला असतो, त्यात कोंडा मिसळलेला, तो ओल धरतो, बुरशी येते आणि कोंबड्या तो खात बसतात. शेलर (तूस न भरडता वेगळा काढणारं यंत्र) असलेल्या गिरणीतला अख्खा कोरडा तूस मागून घ्या. सॉ मिलचा भुसा आणलात तर तो ओल्या लाकडाचा नाही ना हे हातात घेऊन बघा आणि आधी उन्हात वाळवा. बुरशीचा वास येणारा माल फुकट दिला तरी नको, पिल्लांच्या फुप्फुसाला तो फार वाईट. आणि हे सगळं मे महिन्यातच भरून पोत्यांत, जमिनीपासून वर फळ्यांवर ठेवायचं, जुलैत कोरडा तूस शोधून मिळत नाही. पावसाळ्यासाठी आम्ही सुरुवातच चार इंचांनी करतो आणि वरून भर घालत जातो.

खर्चाचं म्हणाल तर नुसत्या कापडापेक्षा विंच, पाइप, कप्प्या आणि मजुरी यांचाच आकडा मोठा होतो, कोटेशन घेताना चारही गोष्टी वेगळ्या लिहून मागा. बजेट कमी असेल तर चारी बाजूंना विंच नको, दक्षिण आणि पश्चिम या दोन बाजूंना विंचवाला पडदा आणि उत्तर-पूर्वेला हाताने बांधायचा साधा, तरी काम भागतं. पाचपैकी चार स्टार देईन, एक स्टार दोरी आणि आयलेटसाठी कापला. घ्यायचा असेल तर एप्रिलमध्येच ऑर्डर द्या, मृग जवळ आला की सगळ्यांना एकदम आठवण येते आणि फिटर फोन उचलत नाहीत.