बीचची जुनी जंगलं: सलग राखीव क्षेत्र की विखुरलेली यादी?

(बीच म्हणजे इथं समुद्रकिनारा नव्हे, झाड.) युरोपातल्या कार्पेथियन डोंगररांगेतल्या ‘पूर्व कार्पेथियन’ जीवावरण राखीव क्षेत्रात (बायोस्फिअर रिझर्व्ह) १९९८पासून पोलंड, स्लोव्हाकिया आणि युक्रेन एकत्र आहेत. जंगल सलग, त्यामुळे लांडग्याला सरहद्द आडवी येत नाही. कडेच्या पट्ट्यात माणसांना राहायची, शेतीची मुभाही आहे.

युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतली बीच जंगलांची नोंद निराळी. २००७मध्ये स्लोव्हाकिया-युक्रेनच्या १० तुकड्यांपासून सुरुवात, २०२१पर्यंत १८ देश. आपल्या पश्चिम घाटाची नोंदही अशीच, ३९ तुकड्यांची. तुकडे दूरदूर, पण वचक मला इथंच जास्त वाटतो: स्लोव्हाकियातल्या वृक्षतोडीवरून वारसा समितीनं जाहीर चिंता व्यक्त केली आणि पुढं हद्दी नव्यानं आखल्या गेल्या. स्लोव्हाक सरहद्दीवरचं स्तुझित्सा जंगल मात्र राखीव क्षेत्र आणि वारसा यादी, दोन्हींत आहे.