बोन मॅरोच्या काउंटसाठी न्यूबॉर चेंबर: साधं की कोटिंगवालं?

सांगली-मिरजेच्या सर्जिकल दुकानात इम्प्रूव्ड न्यूबॉर चेंबर, म्हणजे पेशी मोजायची रेघांच्या जाळीची काच, मागितलं की विचारतात, साधं देऊ की सिल्व्हर कोटेड? रोजच्या डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशींच्या) काउंटला साधं चालतं. बोन मॅरोचे, म्हणजे अस्थिमज्जेचे, नमुने येत असतील तर मात्र कोटिंगवालंच घ्या. महाग पडतं, पण दोन्हींतला फरक मॅरो घातल्यावरच कळतो.

टर्क फ्लुइड म्हणजे नमुना पातळ करायचं रंगीत द्रावण. त्यातल्या अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडने तांबड्या पेशी फुटतात, पण त्यांची टरफलं, चरबीचे थेंब आणि मॅरोच्या कणांचा चुरा मागे उरतो. साध्या काचेवर या गर्दीत रेघा हरवतात. त्या दिसाव्यात म्हणून मायक्रोस्कोपचा कंडेन्सर (प्रकाश एकवटणारं भिंग) खाली घेऊन डायफ्राम (प्रकाशाची झडप) आवळावा, तर चरबीचा थेंबही पेशीसारखा उठून दिसायला लागतो. कोटिंगवाल्यात गडद पार्श्वभूमीवर रेघा उजळ असतात, त्यामुळे प्रकाश पेशींच्या सोयीने ठेवता येतो.

चरबी ओळखायला फाइन फोकस हळूहळू फिरवा. पेशी दोन-तीन मिनिटांत तळाला, रेघांच्या पातळीवर बसतात. चरबी हलकी, ती वर कव्हरग्लासला (झाकायच्या काचेला) जाऊन चिकटते. रेघा स्पष्ट असताना जे गोल चकचकीत दिसतं पण धूसर असतं आणि फोकस वर नेला की स्वच्छ होतं, ते मोजायचं नाही. त्यात जांभळं केंद्रकही नसतं. सेल काउंटर मशीनला हा विवेक नसतो. थेंब पेशीच्या आकाराचा असला की ते त्याला डब्ल्यूबीसीत धरतं, आणि मॅरोतला एखादा कण गेला तर मशीनचं पेशी मोजायचं छिद्रच तुंबतं.

आता डायल्यूशन, म्हणजे नमुना किती पातळ करायचा ते. रक्ताच्या सवयीने १:२० केलं तर मॅरोत फसगत होते. मायक्रोलिटरला ४०,००० पेशी धरल्या तर जाळीच्या कोपऱ्याच्या एकेका मोठ्या चौकोनात २०० पेशी येतील. त्या एकमेकींवर चढतात आणि मोजणारा अंदाजाने आकडा टाकतो. १० मायक्रोलिटर मॅरो आणि ९९० मायक्रोलिटर टर्क, म्हणजे १:१०० करा. त्याच नमुन्यात चौकोनाला ४० येतील, चार चौकोनांत १६०. कोपऱ्याचा चौकोन १ चौरस मिलिमीटरचा आणि खोली ०.१ मिलिमीटर, म्हणून चारांचं आकारमान ०.४ मायक्रोलिटर. चारांची बेरीज गुणिले २५०, की झाला काउंट. वरच्या आणि डाव्या रेघेवरच्या पेशी धरा, खालच्या आणि उजव्या सोडा.

१६० पेशी मोजल्या तरी नुसत्या योगायोगाने साधारण १६ टक्के इकडेतिकडे होतंच. चेंबरच्या दोन्ही बाजूंची जाळी मोजा. एकीकडे १६० आणि दुसरीकडे १२० आले तर सरासरी काढून मोकळं होऊ नका. चेंबर धुऊन पुन्हा भरा, कारण बहुधा पेशींचा गठ्ठा गेलेला असतो किंवा डायल्यूशन नीट ढवळलेलं नसतं. गठ्ठे टाळायला ईडीटीएतला (गोठू न देणाऱ्या रसायनातला) नमुना १०० मायक्रॉनच्या चाळणीतून काढतात. पण चाळणीत कण अडकले की त्यातल्या पेशीही गेल्या, मोठ्या मेगाकॅरिओसाइटसकट (प्लेटलेट तयार करणाऱ्या पेशींसकट). नमुन्यात गुठळी दिसली तर काउंट देऊच नका. आणि पहिल्या अर्ध्या मिलीनंतर ओढत राहिलेला मॅरो रक्ताने पातळ झालेला असतो. ती चूक कुठलंही चेंबर दुरुस्त करत नाही.

हा आकडा केंद्रक असलेल्या सगळ्या पेशींचा असतो, हेही रिपोर्ट लिहिताना ध्यानात असू द्या. केंद्रकवाल्या तांबड्या पेशी अ‍ॅसिडला दाद देत नाहीत, त्याही यात येतात. ब्लास्ट (अगदी कच्च्या पेशी) किती, प्लाझ्मा सेल (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी) किती, हे स्मिअरवरच, म्हणजे काचेवर पसरून रंगवलेल्या नमुन्यावरच ठरतं. जिथे निदान त्या टक्क्यावर अवलंबून असतं तिथे किमान दोन स्मिअरवर मिळून ५०० पेशी मोजतात.

दुकानात घेताना एवढं बघाच. कडेचे दोन कठडे आणि कव्हरग्लास कोरडे, स्वच्छ करा, ग्लास ठेवून अंगठ्यांनी कडेला हलकेच दाबा. दोन्ही कठड्यांवर इंद्रधनुषी रेषा उमटल्या पाहिजेत. एकाच बाजूला उमटल्या तर खोली ०.१ राहत नाही आणि काउंट फुगतो. मिरजेत तानपुऱ्याची जवारी लावताना घोडीवर दोरा किंचित सरकवून सूर धरतात, साधारण तोच धीर इथे लागतो. दुकानदार घाई करत असेल तर करू द्या.

एप्रिल-मेच्या उन्हात भरलेलं चेंबर पंख्याखाली ठेवलं की कडेने सुकतं आणि पेशी मधे ओढल्या जातात. पेट्रीडिशमध्ये ओला फिल्टर पेपर ठेवून त्यात झाकून ठेवा. टर्कच्या बाटलीत बुरशी धरते, गाळल्याशिवाय वापरू नका.

कोटिंगची एकच कटकट. कोरड्या कापसाने पुसलं की ओरखडे पडतात आणि हायपोक्लोराइटमध्ये रात्रभर बुडवलं तर थर खराब होतो. वापरल्यावर थोडा वेळच बुडवा, डिस्टिल्ड वॉटरने धुवा, ७० टक्के अल्कोहोल फिरवा आणि लेन्स पेपरने टिपून घ्या, घासू नका. जादा कव्हरग्लास चेंबरबरोबरच मागून ठेवा. ती ०.४ मिलिमीटरच्या आसपास जाड असते. फुटली म्हणून स्लाइडची पातळ कव्हरस्लिप ठेवली तर ती मधे वाकते आणि खोली बदलते.