मालवणला जाताना कणकवलीला उतरावं की कुडाळला?

मालवणला स्वतःचं स्टेशन नाही. कोकण रेल्वेचा मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी पाठपुरावा केला, अभियंते ई. श्रीधरन यांनी ती बांधून काढली, आणि २६ जानेवारी १९९८ला ती रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सलग सुरू झाली. पण रूळ गेले महामार्गाच्या बाजूबाजूने, किनाऱ्यापासून बरेच आतून. एकेकाळी जिथे मुंबईची बोट यायची, त्या गावाला आज शेवटचा टप्पा रस्त्यानेच गाठावा लागतो. म्हणून कुठे उतरायचं, हा प्रश्न मालवणकरांना दरवेळी पडतो.

कोकणकन्या, मांडवी, तुतारी या मुंबईहून येणाऱ्या गाड्या दोन्हीकडे थांबतात. वंदे भारत मात्र कणकवलीला थांबते, कुडाळला नाही. ती २०२३च्या जूनमध्ये सुरू झाली तेव्हा आम्हीही कणकवलीचंच तिकीट काढलं. पहाटे निघालो आणि जेवणाच्या आधी कणकवलीत. गाडी छान, वेळही वाचला, त्यात वाद नाही.

पण आईला गाडी लागते. कणकवलीहून मालवण सुमारे ४५ किलोमीटर, त्यात उन्ह डोक्यावर आलेलं. कसालच्या पुढे वळणं सुरू झाली आणि तिने डोळे मिटून घेतले. दोनदा थांबावं लागलं. घरी पोचल्यावर ती न जेवताच झोपली. तिच्यासाठी केलेलं सुरमईचं तिखलं तसंच राहिलं. रेल्वेत मिळवलेला वेळ रस्त्यावर गेलाच, शिवाय तिचा गावातला पहिला दिवसही गेला.

तेव्हापासून आम्ही कुडाळला उतरतो. तिथून मालवण ३० किलोमीटरच्या आसपास. रात्रीच्या कोकणकन्येने निघालं की सकाळी हवेत गारवा असतानाच नेरूरपार ओलांडता येतं. वळणं याही रस्त्याला आहेत, पण आईला ती कधी बाधली नाहीत. कदाचित सकाळची वेळ आणि रिकामं पोट यांचाही हात असेल.

तुमच्यासोबत तरुण मंडळी असतील, दिवसाचाच प्रवास हवा असेल, किंवा आचऱ्याच्या बाजूला जायचं असेल, तर कणकवली गैरसोयीची नाही. पावसाळी वेळापत्रकात वंदे भारतचे दिवस कमी होतात, तेवढं आधी बघा. म्हातारं माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल तर मी तरी कुडाळच सांगेन. गेल्या खेपेला धामापूरच्या तळ्यापाशी आईनेच गाडी थांबवायला सांगितली, भगवतीला हात जोडायला.