लॉट ११२, सन १९३९ चा रुपया: एका नाण्यात १,०८,२८४ रुपये गेले

लिलावात घेतलेल्या या नाण्यात माझी फसवणूक झाली. आकडा आधी लिहितो, कारण तक्रार घेऊन गेलो त्या प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न तोच आला. हॅमर भाव, म्हणजे शेवटची बोली, ९२,०००. त्यावर १५ टक्के बायर्स प्रीमियम, म्हणजे आयोजकांचं कमिशन, १३,८००. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी म्हणून २,४८४. एकूण १,०८,२८४ रुपये. त्यातले ५,००० अनामत म्हणून दारातच रोख घेतले, ५०,००० यूपीआयने गेले, उरलेले ५३,२८४ पुन्हा रोख. आकडा ऐकला की दुसरा प्रश्न ठरलेला: "एका नाण्याला?" हो, एका नाण्याला.

लिलाव सांगलीत झाला, सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका कार्यालयात, रविवारी. आयोजकांचं नाव लिहीत नाही, पोलिसांकडे तक्रार अर्ज चालू आहे. जे त्या दिवशी हॉलमध्ये होते त्यांना कळेल.

"तुमच्याकडच्या जुन्या नोटेला दहा लाख मिळतील, आधी फी भरा" असले फोन सगळ्यांना माहीत आहेत. रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं होतं की आपण असल्या व्यवहारात नाही आणि कमिशन मागत नाही. मी तसल्या फोनवर गेलेलो नाही. माझ्या खिशात दहापटीचं भिंग होतं, घरी ०.०१ ग्रॅम दाखवणारा तराजू आहे. लोभाने आंधळा होऊन गेलो असं जे म्हणतात त्यांनी पुढचं वाचावं, कारण हे काम अडाण्यांसाठी रचलेलंच नव्हतं. ज्याला थोडं कळतं त्याच्यासाठी रचलेलं होतं.

सहाव्या जॉर्जच्या रुपयांत १९३९ चा सगळ्यात दुर्मिळ. १९४० पासून रुपयातली चांदी हजारात ९१७ भागांवरून ५०० वर आणली, त्यामुळे जुन्या चांदीचा हा शेवटचा रुपया. म्हणूनच याच्या नकला जास्त. नक्कल म्हटलं की आपण ओतीव नाणं शोधतो: जर्मन सिल्व्हर (चांदीसारखा दिसणारा, चांदी नसलेला मिश्रधातू), कडेला साच्याची रेघ, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल. मीही तेच शोधत होतो. लॉट ११२ मध्ये यातलं काहीच नव्हतं, कारण ते नाणं ओतीव नव्हतंच. टांकसाळीतून निघालेला अस्सल रुपया होता, फक्त १९३८ चा. १९३८ चा रुपया कुठल्याही डीलरकडे सहज मिळतो.

आठाचा नऊ करायला नवीन धातू लावावा लागत नाही, हीच यातली मेख. आठाच्या खालच्या वाटोळ्याची डावी बाजू काढून टाकली की नऊ उरतो. बारीक कोरणीने तेवढा कंस खरवडायचा, खालची जमीन, म्हणजे अंकामागचा मोकळा भाग, घासून सपाट करायची आणि मग घासल्याची चमक दडवायला गंधकाचा काळपटपणा चढवायचा. डाख नाही, जोड नाही, वजनात पडलेला फरक तराजूला दिसतही नाही. वजन बरोबर, व्यास ३०.५ मिलिमीटर बरोबर, कडेच्या रेघा बरोबर, राजाचा चेहरा बरोबर.

आता जे मला दिसायला हवं होतं ते लिहितो. पाच आठवडे हेच डोक्यात फिरतंय.

१९३९ या आकड्यात नऊ दोन वेळा येतो. दुसरा अंक नऊ, चौथा अंक नऊ. दोन्ही एकाच घडणीचे हवेत. आठाची वरची वाटी लहान असते आणि खालची मोठी, त्यामुळे आठ कापून केलेल्या नवाचं डोकं बारीक आणि पोट मोठं राहतं. खऱ्या नवाचं डोकं मोठं असतं. हे कळायला मायक्रोस्कोप लागत नाही, भिंगही लागत नाही. शेजारचा नऊ बघायचा, बस. नाण्यावरच साक्षीदार बसला होता आणि मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी कड पाहिली, चेहरा पाहिला, मागची वेलपत्ती पाहिली. साल वाचलं, पाहिलं नाही.

आणि खरं म्हणजे काहीतरी खटकलं होतं. शेवटच्या अंकाच्या खाली डावीकडे डाग असावा असं वाटलं. नाणं तिरकं फिरवलं की जमिनीवरची झळाळी चक्रासारखी फिरते, ती तिथे तुटत होती. पण नाणं पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये, वर पारदर्शक प्लास्टिक, चार बाजूंना चार स्टेपल. ट्यूबलाइटचा पट्टा नेमका सालावर चमकत होता. मी म्हटलं, स्टेपल काढून दाखवा. टेबलावरचा मुलगा म्हणाला, "नको साहेब, लॉट फुटला तर मालक बोलतात." मागे माणसं उभी होती. १४० लॉट, दोन टेबलं, पाहणीला सगळा मिळून दीड तास. ११२ माझ्या हातात चार मिनिटं होता. मी परत ठेवला.

तिथेच उठून यायला हवं होतं. आपल्या सांगलीत हळदीच्या सौद्यात माणूस हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय बोली लावत नाही, आणि मी ९२ हजारांची वस्तू प्लास्टिकआडून घेतली. होल्डर उघडू देत नसतील तर बोली लावू नका. दुसरं कुठलंही कारण पुरेसं नाही.

बोलीचंही सांगतो. सुरुवात ४०,००० ला, पायरी २,००० ची. ६० च्या पुढे फक्त दोघं उरलो, मी आणि तिसऱ्या रांगेतला पांढऱ्या शर्टातला एक जण. तो ९०,००० पर्यंत आला, मी ९२ म्हणताच हात खाली. त्याने त्याआधी पाच लॉट जिंकले होते. जेवणानंतर पैसे भरायच्या रांगेत तो एकदाही दिसला नाही. संध्याकाळी आयोजकांच्या टेम्पोत पेट्या चढवताना दिसला. बोली चालू असताना समोर बघू नका, पेमेंटच्या टेबलाकडे बघा. जो जिंकतो पण भरायला जात नाही, तो गिऱ्हाईक नाही.

मग बिल. मला सगळ्यात महागात हे पडलं. कॅटलॉगमध्ये लिहिलेलं होतं: सहावा जॉर्ज, रुपया, १९३९, अतिदुर्मिळ. बिलावर लिहिलं: "जुने चांदीचे नाणे, १ नग." साल नाही, लॉट नंबर नाही. मी विचारलं तर म्हणाले, सॉफ्टवेअरमध्ये एवढंच येतं. जीएसटीचे २,४८४ घेतले, पण बिलावर जीएसटी नंबरच नाही. तो नंबर जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही फुकट तपासता येतो, पण त्यासाठी आधी तो छापलेला असावा लागतो. कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात: वर्णन हे आमचे मत आहे, हमी नाही; हरकत ७ दिवसांत लेखी कळवावी.

ते ७ दिवस कसे गेले तेही वाचा, कारण यात शिकलेला माणूसच अडकतो. घरी आणून होल्डर उघडला, वजन केलं: ११.६१ ग्रॅम. कोरा रुपया ११.६६ चा, म्हणजे पूर्वीचा एक तोळा. वापरलेल्या नाण्याला एवढी झीज चालते. मग पाण्याची चाचणी. तराजूवर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य केला, नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात सोडलं, तळाला किंवा काचेला लागू न देता. आकडा आला १.१३. ११.६१ ला १.१३ ने भागलं की १०.२७, ९१७ चांदीची घनता साधारण १०.३. हेच नाणं ५०० चांदीचं असतं तर आकडा १.२२ च्या आसपास आला असता, जर्मन सिल्व्हरचं असतं तर १.३४ च्या. चाचणी पास. मी निर्धास्त झालो आणि नाणं डबीत ठेवलं. ही चाचणी धातूबद्दल सांगते, सालाबद्दल एक अक्षरही सांगत नाही. साल बदललेल्या नाण्यावर ती करणं म्हणजे चोराला त्याच्याच खिशातल्या पैशाने जामीन देणं.

अकराव्या दिवशी एका जाणत्या संग्राहकाने १९३८ चा रुपया शेजारी ठेवला आणि दुसऱ्या मिनिटाला म्हणाले, "दोन नऊ वेगळे आहेत बघा." मग यूएसबी मायक्रोस्कोपखाली खरवडल्याच्या समांतर रेघा दिसल्या, आठाच्या गेलेल्या कंसाची पुसट सावलीसुद्धा. आयोजकांना फोन केला. उत्तर: "साहेब, मुदत चार दिवसांपूर्वी संपली. आणि बिल बघा, आम्ही १९३९ कुठं म्हटलंय?" त्यानंतर फोन उचलला नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मला काढलं. कॅटलॉगची फाइल मी त्याआधीच उतरवून घेतली होती म्हणून निदान तेवढं हातात आहे. लिलावाच्या दिवशीच कॅटलॉग उतरवा, नाण्याचा दोन्ही बाजूंचा फोटो टेबलावरच काढा आणि बिलावर साल व लॉट नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. साल लिहायला नकार मिळाला तर उत्तर तिथेच मिळालं असं समजा.

आता सरकारी दारं. पहिल्या पोलीस ठाण्यात सांगितलं, यूपीआय आहे म्हणजे सायबरकडे जा. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, समोर बसून पाठवलेत, हा सायबर गुन्हा नाही, ठाण्यात जा. पुन्हा ठाण्यात. तिथे साहेबांनी नाणं हातात घेऊन विचारलं, "चांदीचं आहे ना? मग फसवणूक कसली?" मी मायक्रोस्कोपचे फोटो दाखवले. म्हणाले, हा दिवाणी वाद आहे. म्हणजे सात-बारा खोटा निघाला तरी जमीन मातीचीच आहे ना, असं विचारायचं का? एकाने तर पुरातत्त्व खात्याकडे जायला सांगितलं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात नाणं शंभर वर्षांचं असावं लागतं. १९३९ चं नाही, १९३८ चंही नाही. कायदा ज्याला लागू नाही त्याच्यासाठी मला फिरवलं. आणि ज्या लॉटना लागू होता, म्हणजे शिवराई नाणी आणि ईस्ट इंडिया कंपनीचे रुपये, ते विकायला कलम ५ प्रमाणे परवाना लागतो. तो आयोजकांकडे आहे का, हे कुणीच विचारलं नाही. मी लेखी विचारलं. पोचपावतीसुद्धा मिळाली नाही. तज्ज्ञाचं मत आणा म्हणाले, म्हणून एका संग्रहालयात गेलो. तिथे खासगी वस्तूवर लेखी मत देत नाहीत. मग मत आणायचं कुठून? मत नाही म्हणून तक्रार नाही, तक्रार नाही म्हणून मत नाही. सहा फेऱ्या, चार अर्ज, आणि हातात एकच शिक्का, तोही आवक विभागाचा.

ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांनी तोंडी बोलण्यात दिवस घालवू नका. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती जपा. तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकारी. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ अर्जात नाव घेऊन लिहा. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत दिलेल्या रकमेला फी नाही, मुदत २ वर्षं. नाणं धुऊ नका, घासू नका, होल्डर आणि स्टेपलसुद्धा फेकू नका. माझा होल्डर मी फाडून टाकला. त्यावर लॉट नंबर हाताने लिहिलेला होता.

एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीतलं नाणं असेल तर निर्धास्त व्हाल, पण डब्याही खोट्या येतात. डबीवरचा नंबर त्यांच्या साइटवर टाका आणि तिथे फोटो असेल तर नाण्यावरचे ओरखडे एकेक करून जुळवा. नंबर खरा आणि नाणं दुसरं, असंही करतात.

"नांगरताना सापडलं" हे त्या दिवशी माइकवरून तीनदा ऐकलं. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो. म्हणजे ती गोष्ट खरी असेल आणि कळवलेलं नसेल तर माल बेकायदा आणि खोटी असेल तर माल बनावट. दोन्हीत तुमचे पैसे जातात.

शेवटी एक काम, जे त्या रविवारी हॉलमध्ये होते त्यांच्यासाठी. लॉट ३१, शिवराईची पाच नाणी, १८,५०० ला गेला. पाहणीत मी तो हातात घेतला होता. त्यातल्या दोन नाण्यांवर "राजा" च्या वर एकाच जागी, एकाच आकाराचा खड्डा होता. टांकसाळीच्या ठशातला दोष अनेक नाण्यांवर उमटू शकतो, पण तो बहुधा उंचवट्याने उमटतो. झिजलेल्या नाण्यावरचा तोच खड्डा दुसऱ्यावर हुबेहूब आला तर दोन्ही एकाच साच्यातली. ज्यांनी तो लॉट घेतला त्यांनी नाणी शेजारी ठेवून बघा, कड भिंगाखाली धरा आणि बिल काढून ठेवा. अधीक्षकांकडे माझा अर्ज एकट्याचा गेला आहे. दुसरा अर्ज तुमचा जाऊ द्या.