सेटवर डिरेक्टरला कधी बोलायचं? पुण्यातल्या दोन दिवसांच्या वर्कशॉपचा रिव्ह्यू

शूटिंगवरच्या असिस्टंट लोकांसाठी पुण्यात दोन दिवसांचं सेट वर्कशॉप असतं ते नुकतंच केलं, बरेच जण विचारतायत म्हणून लिहितेय. एडी (असिस्टंट डिरेक्टर), आर्ट, साउंड, कुठेही नवीन असाल तर नक्की करा, फी जरा जास्त वाटते पण वसूल होते.

सगळ्यात भारी म्हणजे एक साधा सीन खरंच शूट करायला लावतात, दोन माणसं चहा पितायत एवढाच, आणि शिकवणारे सर मध्येच थांबवून विचारतात की आत्ता डिरेक्टरला कोण काय सांगणार. फोकस गेला, बूमची (लांब काठीवरच्या माइकची) सावली भिंतीवर आली, मागच्या टेकला कप उजव्या हातात होता आणि आता डाव्या, तर हे कट झाल्या झाल्या सांगायचं, कारण कॅमेरा-लाइटचा सेटअप बदलल्यावर बोलून काय उपयोग. तेही आपल्या एचओडीला (डिपार्टमेंटच्या हेडला), म्हणजे फोकसचं डीओपीला (सिनेमॅटोग्राफरला), फक्त कंटिन्युइटीवाल्याने (कपाचा हात वगैरे प्रत्येक टेकला जुळतोय का बघणाऱ्याने) थेट डिरेक्टरशी बोलायचं कारण तो मॉनिटरपाशीच असतो. पण "सीन खिडकीपाशी घेतला तर?" असली आयडिया असेल तर तिची वेळ रेकी (आधी जाऊन लोकेशन बघणं) नाहीतर रीडिंग (स्क्रिप्ट एकत्र वाचणं), फार तर ब्लॉकिंग (ॲक्टर कुठे उभे राहणार, कसे हलणार ते ठरवणं) चालू असताना. एकदा लाइट लागलं की खिडकी विसरा. आणि ॲक्टरला परस्पर काही सांगायचं नाही म्हणजे नाही, दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर तो बिचारा कोणाचं ऐकणार?

सेफ्टीला यातलं काहीच लागू नाही. 2021 मध्ये न्यू मेक्सिकोत 'रस्ट' या फिल्मच्या सेटवर गनमधून खरी गोळी सुटून सिनेमॅटोग्राफर हलिना हचिन्स गेली, आणि त्याच सकाळी कॅमेरा टीममधले काहीजण सेफ्टी आणि बाकीच्या तक्रारींवरून काम सोडून गेले होते. हे ऐकताना हॉलमध्ये कोणी मोबाइलसुद्धा बघत नव्हतं. लाइट दादा असो की स्पॉट दादा, उघडी वायर दिसली की कॅमेरा रोल चालू असताना पण ओरडायचं.

आता तक्रार. सगळं शिकवणं फिल्मच्या हिशोबाने आहे. आपल्यातले कितीतरी जण डेली सिरियलवर काम करतात, तिथे कुठली रेकी आणि कुठलं रीडिंग, सीनचे कागदच कधीकधी सेटवर येतात, मग बोलायचं कधी? मी विचारलं तर सर म्हणाले दोन सीनच्या मधे चीफ एडीला गाठा, बरोबर आहे पण यावर एक अख्खं सेशन पाहिजे होतं. मी साउंडला आहे, विमान गेलं तर टेक थांबवायला सांगायचं की नंतर वाइल्ड ट्रॅक (कॅमेऱ्याशिवाय नुसता आवाज रेकॉर्ड करणं) मागायचा हा आमचा रोजचा प्रश्न, तोही घाईत उरकला.

जाणार असाल तर छोटी बॅच बघून घ्या, मोठ्या बॅचमध्ये शूटिंगच्या वेळी सगळ्यांची पाळी येत नाही.