बिबट्याची म्हणून घेतलेली कवटी

आमच्या परसात झाकणाची एक निळी बादली असते. तिच्यात काय आहे ते पाहुण्यांना सांगायचं नाही, असा बायकोचा नियम. बहुतेक वेळा तिच्यात बोकडाचं मुंडकं असतं. कवट्या जमवायचा छंद मला कॉलेजात लागला. मटणवाल्याकडून मुंडकं आणायचं, निघेल तेवढं मांस काढायचं आणि महिनाभर पाण्यात सडू द्यायचं. उकळायचं नाही, उकळलं की चरबी हाडात मुरते आणि कवटी पिवळी पडते. मग भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी, तेही आठवडेच्या आठवडे बदलत राहायचं. शेवटी मेडिकलमधून आणलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड. ब्लीचिंग पावडरीच्या वाटेला जायचं नाही, ती हाड खाते. बोकड, म्हैस, डुक्कर अशा मिळून माझ्याकडे २३ कवट्या आहेत. तुरटी-मिठात घालून बाभळीच्या सालीनं कमावलेली शेळीची तीन कातडी आहेत, त्यातलं पहिलं पापडासारखं कडक झालंय.

म्हणजे मी काही नवखा नव्हतो. तरी फसलो.

जुन्या वस्तूंच्या एका दलालाला कुणीतरी माझ्या कपाटाचे फोटो दाखवले होते. त्याचा फोन आला. "साहेब, बोकडं किती दिवस जमवणार?" एवढ्या एका वाक्यावर मी गळाला लागलो, हे आज कबूल करतो. त्याच्याकडे बिबट्याची कवटी होती. एका सरदार घराण्यातली, सागवानी फळीवर बसवलेली, खाली पितळी पाटी आणि पाटीवर साल १९३४. सोबत मालकीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स, गोल शिक्क्यासकट. ज्यांच्या नावावर ते होतं ते गृहस्थ वारले होते आणि मुलांना "असल्या वस्तू घरात नकोत" म्हणे. "कागद आहे म्हणजे घाबरायचं कारण नाही," असं तो दर फोनला म्हणायचा. मीही मनातल्या मनात तेच घोकत होतो.

८० हजारांवरून ४५ हजारांवर सौदा ठरला. १५ हजार यूपीआयनं आगाऊ. खातं कुणा भलत्याच बाईच्या नावाचं निघालं, तेव्हा "वहिनींचं आहे" असं उत्तर मिळालं. उरलेले ३० हजार रोख, साताऱ्याजवळ हायवेवरच्या एका ढाब्याच्या मागे. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते धूड मी गाडीच्या डिकीत ठेवलं आणि घरी येईपर्यंत तीनदा गाडी थांबवून पाहिलं.

माझा मावसभाऊ गुरांचा डॉक्टर आहे. दुसऱ्या रविवारी तो जेवायला आला. मी मोठ्या ऐटीत फडकं बाजूला केलं. तो काही बोलला नाही, फळी उलटी करून बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, दात मोजलेस?"

मोजता येण्यासारखे नव्हतेच. दोन्ही जबडे प्लास्टरनं चिकटवलेले होते आणि त्यावर चहाच्या पाण्यासारखा तपकिरी रंग फासलेला होता. भावानं कवटी फळीवरून सोडवली आणि गरम पाण्याच्या बादलीत बुडवली. अर्ध्या तासात पाणी गढूळ झालं. खालचा जबडा सुटला, आणि हाड समजून मी ज्यावर बोट फिरवलं होतं त्या जागेवरून पुट्टीचे खडे गळायला लागले. त्यांच्याखाली दाढांची रिकामी भोकं. काही दाढा उपटून भोकं बुजवली होती. भावानं टाचणीनं एकेक भोक साफ केलं आणि मोठ्यानं मोजलं: खालच्या जबड्यात, सुळ्याच्या मागे, एका बाजूला सात.

"मांजराच्या कुळात इथं तीनच," तो म्हणाला. "बिबट्याला एकूण दात ३०, कुत्र्याला ४२. आणि सुळ्यावर नख फिरवून बघ. बिबट्याच्या सुळ्याला उभ्या खाचा असतात, हा गुळगुळीत आहे." आखूड तोंडाच्या कुठल्यातरी मोठ्या जातीचा कुत्रा होता तो. बोकडाला वरचे पुढचे दात नसतात हे मी पोरासोरांना सांगत फिरतो आणि ४५ हजारांच्या वस्तूचे दात मोजायचं मला सुचलं नाही. ती फळी ज्या स्क्रूनं जोडली होती तोही स्टारचा, म्हणजे डोक्यावर फुलीसारखी खाच असलेला. त्या स्क्रूचं पेटंट १९३६ सालचं, आणि पाटीवर १९३४!

गोष्ट इथं संपली असती तर ४५ हजारांवर भागलं असतं. नवव्या दिवशी दुसऱ्याच नंबरवरून फोन आला. "फॉरेस्टमधून बोलतोय. बिबट्याच्या केसमध्ये तुमचं नाव आलंय." ढाब्याचं नाव, तारीख, माझ्या गाडीचा नंबर, सगळं त्याच्याकडे होतं. ६० हजार मागितले. मी घाबरून २० हजार पाठवले, तेही बायकोला न सांगता. कवटी कुत्र्याची आहे हे माहीत असूनही पाठवले! चोरीचा मामला, हळूहळू बोंबला. या लोकांचं भांडवल कवटी नव्हतंच. मी तोंड उघडणार नाही, ही खात्री हेच त्यांचं भांडवल.

पुढचा हप्ता मागितला तेव्हा बायकोला सांगितलं आणि तिनं मला वकिलांकडे नेलं. त्यांनी झेरॉक्स नुसती लांबून पाहिली. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. घरात पूर्वीपासून असलेल्या वस्तू जाहीर करायची शेवटची संधी सरकारनं २००३ साली दिली होती. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे, त्यांनाही वस्तू विकता येत नाही. ती वारसाहक्कानं पुढे जाते, तेवढंच. म्हणजे प्रमाणपत्र अस्सल असतं तरी माझा सौदा बेकायदाच होता. शिक्षा तीन ते सात वर्षं. "कुत्र्याची निघाली म्हणून सुटलो असं समजू नका," वकीलसाहेब म्हणाले, "गुन्ह्याचा प्रयत्न हाही या कायद्यात गुन्हाच धरतात." जंगलात पडलेलं सांबराचं झडलेलं शिंगही घरी आणायचं नाही, हे त्या दिवशी मला नव्यानं कळलं.

त्यांच्याच सल्ल्यानं १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली आणि कवटी, फळी, पाटी घेऊन वनखात्याच्या ऑफिसात स्वतः गेलो. वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे, ती मला तिथंच कळली. तिथल्या वनपालांनी माझा जबाब घेतला. खरी केस असेल तर माणसं दारात येतात, पंचनामा करतात, यूपीआयवर पैसे मागत नाहीत, असं ते शांतपणे म्हणाले. त्यांच्या टेबलाच्या खणात म्हशीच्या शिंगातून कोरलेली चार 'वाघनखं' होती. एका बिल्डरनं सोन्यात मढवून घेतली होती म्हणे. 'हत्ताजोडी' नावाची मुळी मात्र उलट्या बाजूनं फसवते, हेही त्यांनीच सांगितलं: घेणाऱ्याला वाटतं झाडाचं मूळ, आणि निघतं घोरपडीच्या नराचं वाळवलेलं लिंग.

पैसे अजून मिळालेले नाहीत. दोन्ही नंबर बंद आहेत. बिबट्याची खरी कवटी बघायची हौस म्युझियमच्या काचेपलीकडूनच भागवायची, असं घरात ठरलंय.

गेल्या आठवड्यात कोल्हापूरच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मला एक फोटो पाठवला, "घेऊ का?" असं विचारत. सागवानी फळी, पितळी पाटी, डाव्या कोपऱ्यात स्टारचा स्क्रू. साल १९२८, किंमत ५५ हजार. मी त्यांना लगेच फोन लावला आणि आधी दातांचं सांगितलं.